आसरांच्या डोहातले मासे

बाबा, काल मी लेकीला घेऊन टोकावड्याला एसटीतून उतरले आणि थेट आपल्या नदीवर गेले. तुम्ही माझ्या पाठीला बांधायचात तसा रिकामा डबा तिच्या पाठीला बांधला आणि तिला आसरांच्या डोहात सोडलं. घटकाभरात पोरगी खिदळत हातपाय मारायला लागली. पाणी अजून तसंच आहे, तळातले गोटे दिसतात. मासे तेवढे नाहीत.

डोहातले मासे पाण्यातल्या देवींचे, साती आसरांचे, म्हणून गाव तिथे कधी जाळं टाकत नसे. नवी नवरी आली की तिला आधी डोहावर न्यायचं, माशांना कुरमुरे टाकायला लावायचे. आठ वर्षांची असताना मी फडक्यात एक पिल्लू पकडलं, तर तुम्ही कानाखाली वाजवलीत. "सोड त्याला. आसरांची पोरां हायेत ती. आपल्याला खायाची नाय." गाल चोळत मी ते सोडलं. तुमच्याइतका सच्चा माणूस जगात नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

मग नव्वदीतल्या एका उन्हाळ्यात घाटरस्त्याचं काम निघालं आणि तुम्ही खडकाला सुरुंग लावायला जाऊ लागलात. एका दुपारी तुमची भाकरी घेऊन येतेय, तर सुरुंगाचा आवाज डोहाकडून आला. धावत गेले. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे, भोवती पांढरी पोटं वर करून मासे, आणि काठावर मुकादमाचे पाहुणे पाटी पुढे करून हसतायत. तुम्ही मला पाहिलंत. "आयेला सांगू नको गो," एवढंच म्हणालात.

पुढे त्याहून वाईट झालं. गाव देवळात जमलं. कुणीतरी पलीकडच्या वाडीवर आळ घेतला आणि वाडीला डोहाची बंदी झाली. तिथला एक म्हातारा हात जोडून सांगत होता, "आमी नाय केला, दादा." तुम्ही पुढेच बसला होतात. सुपारी कातरत राहिलात. मुकादमाला नाही म्हणता आलं नसेल, तेवढं मी समजून घेतलं असतं. पण ती सुपारी मला अजून गिळता आलेली नाही. तुम्ही मला फसवलंत बाबा, त्या थपडेसकट.

तोंडावर विचारायचं ठरवत राहिले, तोवर तुम्ही गेलात. आता हा कागदही घडी करून तांदळाच्या डब्यामागे ठेवणार आहे, लेकीच्या हाती लागू नये म्हणून. काल तिने पाण्यातूनच विचारलं, "आई, मासे कुठे गेले?"

मी म्हटलं, "वाडीवाल्यांनी मारले."