झुहुरा आत्याच्या अडेनियमचा आजार

प्रिय झुहुरा आत्या,

शिकामू. (तू तिकडून 'मराहाबा' म्हणालीसच असं धरून पुढे लिहितोय.) म्वान्झाला बाळ-बाळंतीण मजेत ना? इथे टांगा शहरात सगळे ठणठणीत आहेत, एक सोडून. घाबरू नकोस, माणसांपैकी कुणी नाही.

तू तुझं गुलाबी अडेनियम माझ्याकडे सोपवून गेलीस आणि त्याच आठवड्यात त्याची पानं पिवळी पडली. मी एक पान पांढऱ्या कागदावर झटकलं, तर मिरपुडीसारखे ठिपके पडले आणि चालायला लागले. लाल कोळी. (कागद म्हणजे माझा मोरोगोरोच्या शेती कॉलेजचा फॉर्म. घरात दुसरा कोरा कागद नव्हता.) त्यावर बाबांची सही व्हायची होती, हे तुला माहीतच आहे. ज्याला एक कुंडी जगवता येत नाही त्याने मुकाट माझ्या पंक्चरच्या दुकानात बसावं, असं ते तुझ्यासमोरच म्हणाले होते. म्हणजे झाड गेलं असतं तर माझं कॉलेजही गेलंच होतं.

मग मी धडाक्यात उपचार सुरू केले. साबणाचं पाणी फवारलं, ते जरा कडक झालं (जरा म्हणजे अर्धी वडी), निम्मी पानं गळली. कोळी मात्र आंघोळ करून फ्रेश. आईच्या जास्वंदीला लागण नको म्हणून कुंडी मागच्या खोलीत ठेवली आणि दारावर आईचा कांगा पडद्यासारखा बांधला. शेजारच्या म्वानाइदी मावशींनी विचारलं, तर मी म्हटलं, पेशंट सिरियस आहे, कुणाला आत सोडत नाही. इथे चुकलं. दुपारपर्यंत अंगणात चटया पडल्या, पेजेचे तीन डबे आले आणि सगळ्या जणी 'पोले, पोले' करत हळहळायला लागल्या. शेवटी मी कांगा बाजूला केला. तुला वाटेल, चिडून गेल्या असतील. छे. मावशी म्हणाल्या, "आलोय तर भेटूनच जाऊ. आजारी तो आजारी." झाडालाही पोले म्हणाल्या. मग पान उलटं करून मला झापलं, "म्हणे कॉलेजात जायचंय. अरे गाढवा, वरून काय शिंपडतोस? त्यांचं बिऱ्हाड खाली आहे."

तेव्हापासून रोज सकाळी पानांच्या पाठी पाण्याच्या धारेने धुतल्या (मुळं कुजू नयेत म्हणून माती जुन्या ट्यूबच्या तुकड्याने झाकून). बाबा लांबून बघायचे. चौथ्या दिवशी "धार अशी धरतात होय?" म्हणत त्यांनी पाइपच काढून घेतला. आठव्या दिवशी दुकानातलं भिंग घेऊन आले. काल पान झटकलं तर एकही ठिपका चालेना, आणि शेंड्याला दोन कळ्या आल्यात. आत्या, मी अंगणात नाचलो. बाबाही थोडे हलले.

तुझ्या नातवाच्या तळपायांना माझ्याकडून एक एक पापी.

तुझा,
हेमेदी

ता. क. फॉर्मवर सही झाली. सहीच्या शेजारी एक कोळी चिरडलाय, त्याचा लाल डाग आहे. कॉलेजवाल्यांना काय वाटायचं ते वाटो.

ता. क. २. कुंडी आता दुकानाच्या दारात असते. बाबा गिऱ्हाइकाला आधी कळ्या दाखवतात, मग पंक्चर बघतात. त्यांची अट आहे की कुंडी इथेच राहील, कायमची. मी तुझ्या वतीने हो म्हणून टाकलंय, पण त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, त्यामुळे फॉर्म त्यांच्या खिशात आहे. तो शुक्रवारपर्यंत पाठवायचाय. फोनवर तू आधी ओरडशील म्हणून पत्र लिहिलं. ओरडून झालं की बाबांना फोन कर.