पाणी आणायला गेला

आप्पा,

तुमचं पुस्तक पुन्हा निघतंय. इतक्या वर्षांनी कुणाला त्याची आठवण येईल असं मला वाटलं नव्हतं. ते पहिल्यांदा निघालं तेव्हा कुणी वाचेल असं तुम्हाला तरी कुठे वाटलं होतं? रविवार कारंज्याजवळचं प्रकाशकांचं दुकान आता त्यांची सून चालवते. तिनं फोन केला, म्हणाली, "ताई, लढाईवरची पुस्तकं परत खपायला लागलीत. तुमच्या वडिलांचं काढू या. काही राहून गेलं असेल तर आताच घाला." काय राहून गेलंय ते तुमच्या माघारी फक्त मला ठाऊक आहे. म्हणून प्रुफं बाजूला सारून लिहायला बसलेय.

एकाहत्तरची लढाई झाली आणि त्यानंतर सगळीकडे युद्धाच्या पुस्तकांचं पीक आलं. तुम्ही शाळेतली ड्रिलमास्तरकी आटोपून वाचनालयात जायचात आणि तिथून तणतणत घरी यायचात. सगळ्या पुस्तकांत सेनापती बोलायचे, नकाशे असायचे, नकाशांवर बाण असायचे. "बाणाला तहान लागत नाही," तुम्ही आईला सांगितलंत, जणू तिनंच ते नकाशे काढले होते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग लिहा तुम्ही. घरात बसून बोलण्यापेक्षा बरं." ती चिडवत होती. तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी कागद आणलेत, आणि तुमचं अक्षर तुमच्याखेरीज कुणाला लागत नसल्यामुळे पक्कं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा नुकतीच कचेरीत लागले होते. दिवसभर साहेबाची टिपणं आणि रविवारी तुमचा दुसऱ्या महायुद्धातला ब्रह्मदेश.

त्या रविवारांची मजा मला अजून वाटते. तुमच्या तोफेवरचे दोघे उरले होते. नामपूरकर कांदा विकून जमेल तसे यायचे, पेठचे काका डोंगरातून पहिली एस.टी. धरून. आपल्या दोन खोल्यांत बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असे, आणि तुम्ही कुणीही हवं तिथं बसत नव्हता. लढाईत तोफेभोवती ज्याची जी जागा, तीच सतरंजीवर. तुम्ही मागे दाराशी, कारण हुकूम देणारा मागे. डावीकडे नेम धरणारे नामपूरकर, उजवीकडे पेठचे काका. आणि कपाटालगत एक जागा मोकळी, गोळा भरणाऱ्या चांदवडच्या माणसाची, जो परत आलाच नाही. मधे, जिथं तोफ असायची, तिथं आई मुद्दाम स्टोव्ह ठेवायची. "तुमची तोफ फुसफुसतेय, पिन करा," म्हणायची. एकदा शेजारचे मास्तर सहज आले आणि त्या मोकळ्या जागेवर बसले. तुम्ही तिघं असे गप्प झालात की बिचारे चहा न घेताच उठले.

तुमचा नियम सरळ होता. प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचं, आणि जे तिथं होते त्यांची मान हलली तरच ते राहायचं. एकाचीही मान हलली नाही तर काट. मला हे फार हट्टाचं वाटायचं. एकदा पक्कं लिहिताना मी आपल्या मनानं 'झऱ्याचं थंडगार पाणी' असं लिहून टाकलं. वाचता वाचता तुम्ही थांबलात. "थंडगार कुणी सांगितलं तुला? चाखलंस?" मी म्हटलं, झऱ्याचं म्हणजे थंडच असणार की. तुम्ही त्या दोघांसमोर मला झापलंत. "असणार ते साहेब लोकांच्या पुस्तकात लिही. आपण होतं तेवढंच लिहायचं." माझे डोळे भरून आले तेव्हा नामपूरकर हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हवालदार, पोर शे." पण थंडगार गेलं ते गेलंच.

मग ते प्रकरण आलं. तोफ सकाळपासून चालू होती, पाण्याचे डबे रिकामे झाले होते, आणि खालच्या झऱ्यावर कुणीतरी जायचं होतं. तुम्ही वाचत होता, आवाज नेहमीचाच. 'चांदवडचा पाणी आणायला गेला.' दोघांच्या माना हलल्या. 'तो वाटेतच पडला. संध्याकाळपर्यंत तोफेवर कुणालाच पाणी मिळालं नाही.' हलल्या. आणि मग तुम्ही पुढचं वाचलंत: 'पाळी नामपूरच्याची होती. तो तापानं फणफणून झोपला होता. मी त्याला उठवलं नाही, चांदवडच्याला पाठवलं.'

मला वाटलं आता नामपूरकर कोसळतील. आपण जिवंत आहोत ते कुणाच्या बदल्यात, हे त्या माणसाला तुम्ही तीस वर्षांनी सांगत होता, तेही स्टोव्हच्या आवाजात. ते सतरंजीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माले ठाऊक शे. मी झोपेल नव्हतू, हवालदार. जागाच व्हतू. डोया मिटीसन पडेल व्हतू." पाळी आपली हे त्यांना माहीत होतं, तुम्ही चांदवडच्याला हाक मारलीत तीही त्यांनी ऐकली होती, आणि त्यांनी डोळे उघडले नव्हते. ते रडायला लागले. तुम्ही जागचे उठला नाहीत. उठायचंच नव्हतं त्या जागांवरून. आईनं मात्र स्टोव्ह बंद केला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी मला तुमचा राग आला होता आप्पा, तुमच्या खरेपणाचा.

नामपूरकर म्हणाले, छापा, सगळं छापा. त्यांना ते ओझं उतरवायचं होतं. तुम्हालाही छापायचं होतं, कारण हुकूम तुमचा होता. पण पेठच्या काकांनी मान हलवली नाही. ते एरवी चहा संपेपर्यंत तोंड उघडत नसत. म्हणाले, "नाय छापायचा. ज्याचा माणूस गेला तिला आधी ईचारा. चांदवडला जा." बोलून त्यांनी बशी तोंडाला लावली. विषय संपला.

म्हणून आपण दोघं चांदवडला गेलो. घर वस्तीच्या टोकाला, ओसरीवर कांदा पसरलेला. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो बाजूला सारून आपल्याला जागा केली. लेकाचा संसार, नातू पाळण्यात. त्यांनी पदर सारखा केला आणि पोथी ऐकायला बसावं तशा बसल्या. तुम्ही वाचायला लागलात. तोफ, ऊन, रिकामे डबे. 'चांदवडचा पाणी आणायला गेला.' त्यांनी मान हलवली. 'तो वाटेतच पडला.' हलवली. तुम्ही पुढचं वाक्य उचलणार इतक्यात त्यांनी विचारलं, "मंग? भेटलं का तुम्हाला पाणी?"

मी तुमच्याकडे बघत होते. पुढचं वाक्य कागदावर होतं, माझ्या हातचं, दोघांच्याही माना हललेलं. पाणी मिळालं नाही. तुम्ही कागदाकडे पाहिलंत, मग त्यांच्याकडे. "भेटलं, वहिनी," तुम्ही म्हणालात. "मागून एक जण गेला. त्यांचा डबा घेऊन आला. सगळे प्यालो."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, उगाच गेले का काय." आणि त्यांनी पुन्हा मान हलवली, अगदी समाधानानं. तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात. निघताना त्यांनी आपल्याला कांद्याची पिशवी भरून दिली आणि तुम्ही, जे कुणाचा शेंगदाणाही घ्यायचे नाहीत, ती मुकाट्यानं घेतलीत.

परतीच्या गाडीत तुम्ही म्हणालात, "दोन्ही वाक्यं काढ. पाळीचं आणि तहानेचं." मी भांडले. सगळ्यांच्या माना हलल्या होत्या, निदान तहानेच्या वाक्यावर. तुमचाच नियम तुम्ही मोडताय म्हटलं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "तिनं जेवढं ऐकलं तेवढ्यालाच तिची मान हलली. तेवढंच छापायचं." आणि मग, "मी बोललो ते मात्र छापायचं नाही. ते खोटं आहे." माझा राग कुठल्या वळणावर उतरून गेला मला कळलं नाही, पण नाशिक यायच्या आत तुमच्या खांद्यावर मान टाकून मी झोपले होते.

प्रकाशकांचं आणि तुमचं जुंपलं ते त्या उरलेल्या वाक्यावरूनच. त्यांच्या दुकानात लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेले आणि त्याखाली तुम्ही दोघं तावातावानं. "हवालदारसाहेब, 'पाणी आणायला गेला' हे काय वाक्य झालं? वाचकाला थरार पाहिजे. गोळ्यांच्या पावसात सिंहासारखा झेपावला, असं करू." तुम्ही म्हणालात, "झेपावला नाही. डबा घेऊन चालत गेला." ते म्हणाले, मग निदान मुखपृष्ठावर विमान टाकू. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे विमान नव्हतं. शेवटी त्यांनी हात टेकले. पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर नुसता पाण्याचा डबा. लोकांना ते स्वयंपाकाचं पुस्तक वाटायचं. आठवतंय का, कॉलेज रोडच्या दुकानदारानं खरंच ते लोणच्यांच्या पुस्तकांशेजारी लावलं होतं, आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा इतके हसलात की आई घाबरली.

एक गोष्ट तुम्हाला माहीत होती की नाही, मला माहीत नाही. पुस्तक निघाल्यावरही रविवार चालू राहिले, पण नामपूरकर उशिरा यायला लागले. विचारलं की म्हणायचे, "एस.टी. चुकनी." तुम्ही गेलात त्या वर्षी वहिनी भेटायला आल्या तेव्हा मला कळलं. ते नामपूरहून येताना चांदवडला उतरायचे, विहिरीवरून पाणी ओढून वहिनींचा रांजण भरून द्यायचे, आणि मग पुढची गाडी धरायचे. वहिनींना वाटायचं, नवऱ्याचा जुना दोस्त, माया करतो. "त्यांना कितींदा म्हणलं, ऱ्हाऊ द्या," त्या सांगत होत्या, "तर म्हणतात, पाळी माझी हाय." आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि तिथंच ओट्याला टेकून रडले, तुमच्यासाठी की त्यांच्यासाठी ते वेगळं करता येईना.

आता त्यांतलं कुणीच नाही. आणि परवा चांदवडहून फोन आला, पाळण्यात होता त्या नातवाचा. त्याचेही केस पांढरे झाले असतील. नवी आवृत्ती निघतेय हे त्याला दुकानातून कळलं. फार आदबीनं बोलला. "आत्या, एक विनंती होती. आजी सांगायची, आजोबांनी भरलेलं पाणी शेवटी तोफेवर आलं, सगळे प्यायले. आमच्या घरात हे सगळ्या पोरांना माहीत आहे. पुस्तकात तेवढंच नाही. आता घालाल का?"

काल मी तुमची सतरंजी अंथरली. तुमच्या जागी बसून ते पान मोठ्यानं वाचलं. मग गाळलेली दोन वाक्यं वाचली, मला पाठ आहेत. मग त्या नातवाचं वाक्य वाचलं. ती दोन वाक्यं घातली तर तुमचं पुस्तक पुरं होतं, आणि चांदवडच्या पोरांच्या हातून त्यांचा आजोबा निसटतो. नातवाचं घातलं तर ती पोरं खूश, आणि तुम्ही मला पुन्हा झापाल. मान हलवायला समोर कुणी नव्हतं, आणि मी काही तिथं नव्हते. पान होतं तसं ठेवलंय. प्रुफावर सही करून सकाळी दुकानात देऊन आले.

हे पत्र तिथं नेलं नाही, कुठंच न्यायचं नाही. पण तुमच्यापासून लपवून काय करू? त्या नातवाला मी सांगितलं की छापता येणार नाही, आप्पांचा नियम होता. तो जरा हिरमुसला. म्हणाला, "बरं, छापू नका. पण पाणी मिळालं होतं ना?"

मी म्हटलं, "मिळालं होतं बाळा. सगळे प्यायले." तुम्ही एवढ्यावर थांबला होतात आप्पा. मला नाही थांबता आलं. मी म्हटलं, "थंडगार होतं, म्हणायचे."