परतीचा डबा

कर्जत
आश्विन वद्य ११, शके १८६७

ती. वहिनी यांस
उमेचा सा. न. वि. वि.

येसाजी भाताची गाडी घेऊन गिरणीवर आला आहे, उद्या पहाटे खालापूरला परत निघेल. त्याच्याबरोबर फराळाचा डबा पाठवते. दादाला जाऊन चार महिनेही झाले नाहीत. तुमच्याकडे यंदा कढई चढायची नाही, तेव्हा एवढं तरी इथून यावं. साखर कार्डावर मिळते तेवढीच, म्हणून लाडू गुळाचे केले आहेत. चकल्या माझ्या हातच्या. धोंडूआत्याला सांगा, दातांना झेपल्या नाहीत तर दुधात बुडवून खा आणि मग मला नावं ठेव.

डबा सासूबाईंनी स्वतः भरला. मी झाकण लावायला गेले तर म्हणाल्या, अजून बोटभर जागा आहे, त्या घरात यंदा तळणार कोण. आणि वरून शेव दाबून घातली.

मला पाचवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, असं सगळे म्हणतात. पण आई-वडील मागेच गेले, आता दादाही नाही. सासूबाई त्याविषयी काही बोलत नाहीत, मीही विचारलेलं नाही. माझं मन विचाराल तर मला तिथेच यायचं आहे, तुमच्याजवळ.

भाऊबीजेचं काही पाठवू नका. दादाचा शाळेतला पगार थांबल्यावर तुम्ही आणि आत्या कसं भागवता ते मला ठाऊक आहे. भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. मीही तसंच करीन.

मायन्यात तुमच्या नावामागे काही लिहिलं नाही. सौ. लिहायची सवय होती. दुसरं लिहवत नाही.

धाकटीवरची माया आहे तशी राहू द्या.

तुमची
उमा


खालापूर
आश्विन वद्य १३

चि. सौ. उमा हीस
सुचेताचे अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. फराळ चांगला झाला आहे. आत्याबाईंनी चकली न भिजवता खाल्ली. येसाजीची उद्या पुन्हा खेप आहे. डबा घासून, उन्हात वाळवून त्याच्या हाती परत देत आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. भरलेली घागर उचलू नकोस.

जपून राहावे, आठवण ठेवावी.

सुचेता


कर्जत
कार्तिक शुद्ध २

ती. वहिनी यांस
सा. न. वि. वि.

डबा चतुर्दशीला पोचला. सासूबाईंनी उघडला. आत काही नव्हतं.

भरून आलेला डबा कोणी रिकामा परत करत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार? लग्नाआधी शेजारची वाटी परत करायला निघाले की तुम्हीच मला हाक मारून थांबवायचात आणि तीत गुळाचा खडा टाकायचात. म्हणून मला वाटलं, वाटेत काही सांडलं असेल. येसाजी अंगणातच होता. त्याला विचारलं तर म्हणाला, मला काय ठावं नाय ताई, वयनींनी दिला तसा आनला.

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबा फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, समजलं. संबंध पुढे ठेवायचा नाही असं तुझ्या वहिनीच्या मनात असेल, तर तसं. मग म्हणाल्या की बाळंतपण आता इथेच करू, तिकडे कोण आहे तुझं?



आज संध्याकाळी चंद्राला ओवाळलं. बीजेचा चंद्र, माथेरानच्या डोंगराआड लगेच गेला. निरांजन हातातच राहिलं.

माझं काही चुकलं असेल तर सांगा. हवं तर बोला मला. पण अशा गप्प राहू नका. दादा असता तर त्याने घरातल्या घरात विचारलं असतं. आता मी कोणाकरवी विचारू?

तुमचीच आहे असं अजून समजते.

उमा


खालापूर
कार्तिक शुद्ध ६

चि. सौ. उमा हीस
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मी तसा निरोप पाठवला नव्हता. मला लांब लिहिणं जमत नाही, तरी लिहिते.

डबा भरायला मी बसले होते. नव्या भाताचे पोहे कांडून ठेवले होते, त्यातले घातलेही होते. मग मनात आलं, तू पोटुशी, दिवस सणाचा, आणि या घरात आम्ही दोघी अशा. आत्याबाईही म्हणाल्या की अशा पोरीकडे आपल्या हातचं सणाचं काही जाऊ नये. त्या तुझ्या भल्यासाठीच म्हणाल्या. मला ते पटलं. पोहे काढून घेतले आणि डबा पुन्हा पुसला. हाताचा विचार केला, रिकाम्या डब्याचा केलाच नाही. काल त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाल्या, माझं वय झालं गं, तुझं डोकं कुठे गेलं होतं?

दरवर्षी भाऊबीज तुझ्या दादांच्या नावाने यायची. ते दुकानात कधी गेले नाहीत, हे तू ओळखलं असशील. पण निवडायचे तेच. तू इथे आलीस की काय हातात घेऊन पुन्हा ठेवतेस, कशाबद्दल दोनदा बोलतेस, त्याकडे त्यांचं लक्ष असे. तू गेलीस की मला सांगायचे, आणि मी करायची. केस गळतात म्हणालीस त्या वर्षी माक्याचं तेल आणि शिकेकाई. सासूबाई देवापुढे थंड फरशीवर बसतात म्हणालीस त्या वर्षी जुन्या लुगड्यांची शिवलेली बैठक. विकत आणणं परवडत नव्हतं, पण त्यांना त्याचं कधी कमीपण वाटलं नाही. यंदा लक्ष ठेवणारं माणूस नाही. मला तुझं मन त्यांच्याइतकं कळत नाही, म्हणून विचार करायला वेळ लागला.

भाऊबीज त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालते. डबा भरून पाठवते. वर पोहे आहेत. खाली बाळाचे कपडे आहेत. कार्डावरचं कापड खळीचं येतं, बाळाला टोचेल. घरात मऊ अशी त्यांची दोन धोतरंच होती. त्यांची झबली, कुंच्या आणि एक दुपटं शिवलं आहे. विषमज्वरात अंगावर होतं त्यातलं काही नाही, ते सगळं जाळलं. गेलेल्या माणसाचं कापड नव्या जिवाला घालावं की नाही, मला माहीत नाही. आत्याबाईंनाही नक्की सांगता येईना. म्हणून न लपवता लिहिते. सासूबाईंना विचार. त्यांना नको वाटलं तर बाजूला काढून ठेव. मी वाईट वाटून घेणार नाही.

बाळंतपणाचं. तुला बोलावायची मला हिंमत होत नव्हती. इथे आहे ते असं आहे. मागची खोली कोरडी आहे. गाय दूध देते. बायजा सुईण शेजारीच राहते. घरात पुरुष माणूस नाही आणि वर्षभर गोडधोड होणार नाही. एवढं असून तुला यायचं असेल तर ये. मला तू इथे हवी आहेस.

माझ्या गप्प राहण्याचा अर्थ पुन्हा असा लावू नये.

सुचेता


कर्जत
कार्तिक शुद्ध १५

गं. भा. सुचेताबाई विहीणबाई यांस
आनंदीबाईचा नमस्कार वि. वि.

मला लिहिता येत नाही. मी सांगते ते सून लिहिते आहे आणि मध्येच डोळे पुसते आहे. कागदावर डाग पडले तर ते तिचे.

तुम्हाला काय म्हणावं याचा तिला पेच पडला होता. मी सांगितलं, मुलीच्या माहेरी जी बाई घर धरून बसली आहे ती आपली विहीण. वयाने तुम्ही माझ्या लेकीसारख्या, ते असू दे. नावामागे गं. भा. लिही असंही मीच सांगितलं. ती लिहीत नव्हती. मी बरीच वर्षं ते लावते आहे. याच हाताने सुनेला रोज वाढते, आणि तुमचा डबाही याच हाताने भरला होता. तिला काही झालं नाही. पुन्हा असलं मनात आणू नका.

पोहे आज दह्यात कालवून सगळ्यांनी खाल्ले. कपडे मी गरम पाण्यातून काढून तुळशीपाशी वाळवले. बाळाच्या अंगाला पहिलं कापड मामाचं लागेल, यात मला वाईट काही दिसत नाही. झबल्यांचे बंद मात्र तुम्ही पाठीवर लावलेत. मूल उताणं निजतं, गाठ टोचते. तुम्हाला मूल नाही, कसं ठाऊक असणार? उमेबरोबर परत पाठवते, उसवून पुढे लावा.

पौषात मुलगी पाठवत नाहीत, म्हणून मार्गशीर्ष शुद्ध पंचमी धरली आहे. खोपोलीपर्यंत आगगाडीने माझा मुलगा आणील. पुढे येसाजीला गाडी घेऊन उभं राहायला सांगा, आणि पेंढा भरपूर घालायला सांगा. तो हात आखडता घेणारा दिसतो.

तुमच्याविषयी मी सुनेसमोर बोलले ते चुकीचं होतं. तिच्यासमोरच मागे घेते.

मुलगी तुमची समजून करा, कमीजास्त लागलं तर कळवा.

आनंदीबाई

ता. क. वहिनी, हे माझं. मी येते.
उमा


खालापूर
कार्तिक वद्य ४

गं. भा. आनंदीबाई विहीणबाई यांस
सुचेताचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. पंचमी ठीक आहे. येसाजीला पेंढ्याचं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, म्हातारीची नजर लय बारीक हाय.

बंद पुढे लावून देईन. मागची खोली सारवून घेतली, बाज नव्याने विणून घेतली. बायजा येऊन खोली बघून गेली. म्हणाली, पोर येते तं बरं झालं, घर लय गप झालं व्हतं. आत्याबाई रोज डिंक आणि अळिवाची आठवण करतात. ते येसाजी कर्जतच्या बाजारातून आणील.

या दिवाळीच्या अमावास्येला आम्ही दारात पणती लावली नाही. संध्याकाळी दोघी लवकर जेवून अंधारातच बसत होतो, त्याची सवय होत चालली होती. बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर दिवा ठेवावा लागतो, असं आत्याबाईंनी परवा सांगितलं. तेल आजच आणून ठेवलं.

काही चुकेल तिथे सांगत जावं, एवढंच मागणं.

आपली विहीण
सुचेता