तिसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, फेलिसितास गेरसालिया, वय ५४, अविवाहित, धंदा पाव भाजण्याचा, राहणार गिंबाल, जिल्हा इलोइलो, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. त्याला पुरावाही आहे, कारण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. स्तनातून निघालेला कर्करोग कणा, खुबा आणि यकृत इथवर आलेला आहे, मेंदूत अजून शिरलेला नाही. तो शिरण्याच्या आत लिहावे, असे वकीलबाईंचे मत पडले.

याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात राहते घर भावाच्या नावे होते.

डावा स्तन काढला तेव्हा सगळ्यांना वाटले, सुटली. दोन वर्षांनी भट्टीतून पावांचा पत्रा ओढताना पाठीत कडकन मोडले आणि रोग हाडांत उतरल्याचे कळले. डॉक्टर म्हणाले, "हा आता जाणार नाही. याला सोबत घेऊनच राहायचं." माझा धाकटा भाऊ रोडेल, ज्याला मी तोतो म्हणते आणि जो मला मनांग म्हणजे ताई म्हणतो, त्याने यातले पहिलेच वाक्य ऐकले असावे. आठवड्याच्या आत तो बायको मेर्ली आणि मुलगी अनालिन यांना घेऊन माझी सेवा करायला इथे राहायला आला. आल्या आल्या मेर्लीने वरच्या खोलीच्या खिडक्या मोजून पडदे शिवले. त्यांचा अंदाज वर्षभराचा होता. माझे पाचवे वर्ष चालू आहे.

मी बरी होत नाही आणि मरतही नाही, हे लोकांना झेपत नाही. महिन्याला सुई, रोज गोळ्या, मध्येच शहरात जाऊन फोटो. एक गोळी चालेनाशी झाली की दुसरी. सकाळी पाय खाली टेकताना आज कोणते हाड बोलते ते ऐकायचे, मग दुकानात उंच स्टुलावर बसून पीठ मळणाऱ्यांवर ओरडायचे. इतके करून दिवस पुरा होतो.

मेर्लीला: निळा रेशमी झगा. तो मी माझ्या दफनासाठी शिवून घेतला होता. गेल्या जत्रेला तिने तो माझ्या कपाटातून काढून घातला आणि मिरवणुकीत गेली. विचारले तर म्हणाली, "मनांग, रागावू नका. तुम्हाला तो आता ढगळ होतो. आणि नुसता पडून कसर लागायची." तिचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. हीच मेर्ली एकदा म्हणाली होती, "एवढी महाग गोळी, दिवसाआड घेतली तर नाही का चालणार?" मी म्हटले, "तू भात दिवसाआड खाऊन बघ, मग मला सांग." झगा तिला शोभतो. माझ्या दफनाला तिने तोच घालावा. मला कशातही पुरा.

शहरातल्या कर्करोगविजयी महिला मंडळाला: काही नाही. त्यांच्या गुलाबी पदयात्रेला मी दरवर्षी पाव पुरवले. एका वर्षी त्यांनी मला मंचावर बोलायला बोलावले. रोग कुठे कुठे गेला आहे हे कळल्यावर अध्यक्षबाईंनी मला बाजूला घेतले. "गैरसमज नको हं. बायका इथं धीर घ्यायला येतात. तुम्हाला पाहिलं की त्यांचा धीर सुटतो. तुम्ही पावांच्या टेबलाशी थांबाल का?" मी थांबले. पाव सगळे संपले.

अनालिनला: पावाचे पत्रे, साचे, पीठ मळायची काठवट आणि दुकानाची पाटी. तिचे लग्न ठरले होते. एकाच वर्षात घरात मयत आणि लग्न झाले तर संसार टिकत नाही म्हणतात, म्हणून तिच्या आईने ठरवले की आधी माझे होऊ द्यावे. दोनदा तारीख पुढे ढकलली. शेवटी मुलगा जहाजावर नोकरीला गेला आणि त्याचे फोन बंद झाले. त्या आठवड्यात माझी पाठ पुसताना ती एकच जागा पुसत राहिली. मी म्हटले, "बोल."

"तिया, मला तुझा राग येतो. आणि कुणाला सांगताही येत नाही."

"मला सांगितलंस ना. आता खांद्याखाली पूस, तिथं ओलं राहिलंय."

या घरात तियाशी, म्हणजे आत्याशी, खरे बोलणारी ती एकटी. पुन्हा कोणी भेटला तर तिने लगेच लग्न करावे, मी मेले असो वा नसो.

रोडेलला: काही नाही. कारण सांगते. गेल्या वर्षी नवी गोळी लागू पडली, यकृतातल्या गाठी आक्रसल्या. जेवताना मी ही बातमी सांगितली. रोडेलने चमचा खाली ठेवला आणि विचारले, "म्हणजे अजून किती?" मेर्ली म्हणाली, "देवाची कृपा," आणि माशातले काटे काढत राहिली. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या लोखंडसामानाच्या दुकानात गेले आणि बेनितो उय यांना घर विकले. अट अशी की मी जिवंत असेपर्यंत मी आणि माझी माणसे इथेच राहू. माझे दफन झाले की त्याच दिवशी घर त्यांच्या ताब्यात. पैसे ते हप्त्याने देतात आणि मी औषधांत घालते. पावसाळ्यात परसदार खाल्ले, नाताळात जिना, सध्या वरची खोली चालू आहे. उरलेच काही तर ते अनालिनचे. उय रोज सकाळी पाव घ्यायला येतात आणि तब्येत विचारतात. गावात इतक्या कळकळीने दुसरे कोणी विचारत नाही.

हे मी रोडेलला सांगितलेले नाही. मृत्युपत्राला तीन साक्षीदार लागतात. ज्याला त्यातून काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाई सांगतात. म्हणून तिसरी जागा मी त्याच्यासाठी ठेवली आहे. तो खाली बसला आहे. इस्त्रीचा सदरा घालून आला आहे.

गिंबाल, १९ ऑगस्ट २०१९
फेलिसितास गेरसालिया (सही)

साक्षीदार:
१. दियोनिसिया गोरो, निवृत्त शिक्षिका (सही)
२. वेनान्सियो गेन्तापा, चर्चचे घंटावाले (सही)

वकील तेरेसिता पानेस यांची नोंद: तिसऱ्या साक्षीदाराने सही करण्याआधी सर्व पाने वाचण्याचा आग्रह धरला. मृत्युपत्रकर्तीने हरकत घेतली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "मनांग, मग आम्ही जायचं कुठं?" मृत्युपत्रकर्तीने उत्तर दिले, "मी आहे तोवर कुठंच नाही, तोतो. तेव्हा मला जगव." मग त्यांनी बहिणीच्या पाठीमागची उशी नीट केली आणि प्रत्येक पानाच्या डाव्या समासात सही केली.

३. रोडेल गेरसालिया, भाऊ (सही)