डावखुरी सरस्वती

शिवकाशी, ११ जून १९९४

चि. सौ. वैदेहीस अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

तुझा वरदू सोमवारी तिकडे येतोय. मुलगी बघायला जाताना मामाच्या दुकानातल्या शाईचा वास नको म्हणून सकाळपासून अंगाला साबण घासतोय. मुलीच्या वडिलांचा मदुरैला छापखानाच आहे, त्यांना तो वास ओळखीचा वाटेल, हे त्याला कोण सांगणार?

इकडे नेहमीचंच. एका दंतवैद्याला व्हिजिटिंग कार्डावर हसणारा दात हवाय. दात हसत नसतो, मनुष्य हसतो, असं मी सुचवलं. तर म्हणाला, तुमचं शास्त्र कुंभकोणमच्या पाठशाळेत ठेवा आणि दाताला ओठ काढा. काढले.

यंदाची सरस्वती मात्र जमली आहे. विरुदुनगरच्या चेल्लदुरै नाडारांच्या भांड्यांच्या दुकानासाठी. त्यांची अट तुला पाठच आहे: आपल्या कॅलेंडरवरचं चित्र दुसऱ्या कुठल्या भिंतीवर दिसता कामा नये. माझ्या शब्दाखेरीज त्यांनी आजवर काही मागितलं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला, आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, पूजा करून कॅलेंडरच्या नमुन्यांचा आल्बम उघडेन, तेव्हाच ती लोकांना दिसेल. तोवर छपाईची फिल्म वरदूच्या ताब्यात. मला आता रंगांचे ठिपके नीट दिसत नाहीत, त्याला दिसतात.

सर्वांस यथायोग्य. खुशाली कळवीत जा, नाहीतर या वयात रुसावं लागेल.

तुझा अण्णा,
सेतुरामन

श्रीरंगम, २ जुलै १९९४

ती. अण्णास वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

ठरलं. मैथिलीने केलेल्या सोज्जीच्या शिऱ्यात साखर कमी होती, तरी वरदूने पुन्हा मागितली, तेव्हाच मी समजले. तिचे वडील पार्थसारथी फार पारखी. वरदूचं काम पाहून जागेवरच म्हणाले, असा हात आमच्या घरात हवा, लग्नानंतर आमच्याच छापखान्यात ये. तुझा मदतनीस पळवतेय, रागावू नकोस.

लग्न आडी संपल्यावर, आवणी महिन्यात. पत्रिका तूच करायचीस, आणि माळा घालताना मामा म्हणून नवरदेवाला खांद्यावरही तूच घ्यायचंस. आतापासून दंडबैठका काढ. सासरी जेवून जेवून तो काही हलका होत नाहीये.

आशीर्वाद असू द्यावेत.

तुझी वैदेही

शिवकाशी, ५ ऑगस्ट १९९४

चि. सौ. वैदेहीस अ. उ. आशीर्वाद.

आडी अठराला नारळ फोडला, कापूर लावला, आल्बम उघडला. पेठेत त्या दिवशी सगळ्यांचेच उघडतात. संध्याकाळी चेल्लदुरै नाडार आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. पिशवीतून मदुरैच्या एका छापखान्याचा आल्बम काढून माझ्या आल्बमशेजारी ठेवला. त्यात माझी सरस्वती होती. हंस तोच, पदराची दुमड तीच, फक्त देवी डावखुरी. फिल्मवरून फिल्म काढताना बाजू उलटते. घाईत ते विसरलं की असं होतं. सामी, देवीने हात बदलला, की तुम्ही शब्द, एवढंच नाडारांनी विचारलं.

छापखाना पार्थसारथींचा. माझी छापलेली पानं त्या सकाळपर्यंत कुलपात होती. फिल्म वरदूकडे होती. तो आदल्या दिवसापासून मदुरैला आहे. फोन केला तर निरोप आला की पोट दुखतंय.

मला भांडायचं नाही. त्याने विरुदुनगरला जाऊन एकदाच सांगावं, फिल्म मी नेली, मामाला माहीत नव्हतं. नाडार मला शब्द विकणारा समजतात, हे मला सोसत नाही. तुला यातलं काही ठाऊक नसणार, म्हणून तुलाच लिहितो. त्याला समजाव.

तुझा अण्णा

श्रीरंगम, १२ ऑगस्ट १९९४

ती. अण्णास शि. सा. न.

मला ठाऊक होतं.

मुलगी बघायला गेलो त्या दिवशी वरदूने ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. व्याह्यांनी विचारलं, हात कुणाचा? वरदू म्हणाला, माझा, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लहानपणापासून असाच आहे हो त्याचा हात. सगळे बघत होते, तोंडातून गेलं. मग व्याही म्हणाले, आता ही देवी घरचीच, हिची एक प्रत काढून ठेवतो आमच्याकडे. मी अडवलं नाही.

आता खरं सांगितलं तर लग्न मोडेल. नाडारांना दुसरं चित्र दे ना. तू अजून कितीतरी सरस्वत्या काढशील, अण्णा. मला मुलगा एकच आहे. पत्रिकेचा मजकूर सोबत आहे. नाही म्हणू नकोस.

तुझी वैदेही

शिवकाशी, २१ ऑगस्ट १९९४

सौ. वैदेहीस आशीर्वाद.

पत्रिका पाठवतोय. गोत्र, मुहूर्त, नावं सगळं तपासलं. तळाशी करणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे, ते घातलेलं नाही. तुमच्याकडे ते तोंडी सांगतात.

विरुदुनगरला जाऊन आलो. वरदूचं नाव घेतलं नाही. म्हणालो, शब्द माझा होता, मोडला. नाडारांनी कॉफी मागवली नाही. यंदा ते नुसत्या तारखांचं कॅलेंडर काढणार आहेत, दुसरीकडे. दुसऱ्या चित्राचं मी बोललोच नाही. चित्रं त्यांना कुणीही देईल.

वरदूचं मी समजू शकतो, त्याच्यासमोर मुलगी होती. तू तर माझ्या पाटीवरचा पहिला मोर आईला पुसू दिला नव्हतास. पाटी पोटाशी धरून झोपली होतीस. तो हात कुणाचा होता, ते तेव्हा तुला ठाऊक होतं.

शेवटी लोभाचं लिहायचं असतं, ते इथेच लिहितो: जो काही उरला असेल, तो लग्नापर्यंत पुरवून वापरू.

लग्नाला येईन. मामाने नवरदेवाला खांद्यावर घ्यायचं असतं, घेईन. गुडघ्यांना तेल लावणं सुरू केलंय. तू एवढं कर. मांडवात कुणी विचारलं, हा मुलगा कुणाच्या खांद्यावर बसलाय, तर त्या वेळी मात्र माझं नाव सांग.

सेतुरामन