सात तासांचा उपवास

सोमवार, १० नोव्हेंबर
ओवीची उपवास-चाचणी शुक्रवारी. तेरा वर्षं ‘पोरीला उपाशी ठेवू नका’ म्हणणारे डॉक्टर आता उपाशी ठेवायला बोलावतात. जन्मापासून तिचं यकृत साठवलेली साखर परत सोडत नाही. म्हणून दर चार तासांनी कच्चं कॉर्नफ्लोअर, पाण्यात कालवून. रात्री दोनचा गजर माझा, सहाचा मिलिंदचा. संसारात एवढी समान वाटणी दुसऱ्या कशाचीच नाही. संशोधनातल्या नव्या पुडीवर सात तास निघाले, तर दोनचा गजर बंद.
सासूबाई : “उपासच करवाचा होता तं मले इचाराचं. चाळीस वर्सांचा अनुभव हाये.”

बुधवार, १२
शाळेच्या मुक्कामी सहलीचा फॉर्म ओवीने स्वतःच भरला. ‘आहाराविषयी सूचना’ – ‘काही नाही’. मी खोडलं नाही. सहीही केली नाही.
माझ्या विनोदी सदराचा लेख पाठवला. विषय : नागपूरकर आणि हेल्मेट. संपादक खूप हसले म्हणे. बरं.

शुक्रवार, १४
वॉर्ड. सकाळी आठला पूड, मग फक्त पाणी. दर अर्ध्या तासाला बोट टोचणं. नातीसाठी सासूबाईही निर्जळी. एकला साखर ७२. सत्तरच्या खाली गेली की चाचणी संपली. ओवी आजीचा हात धरून बाथरूमला जाऊन आली. दीडला ८८. तीनला सात तास पूर्ण.
डॉक्टर म्हणाले, “इंटरेस्टिंग.”
मिलिंद कॉरिडॉरमध्ये जाऊन रडला. मला काही झालं नाही. चहा प्यायले. फार गोड होता.

शनिवार, १५
धुवायला टाकताना ओवीच्या स्वेटरच्या खिशात पेढ्याचा कागद.
“आजीने दिला. बाथरूमबाहेर.”
“आणि तू खाल्लास?”
“प्रसाद होता, आई. नाही कसं म्हणायचं?”
हे मीच शिकवलंय.
सासूबाई : “अख्खा नाही देल्ला वं. अर्धाच. पोरगी पांढरी पडून राह्यली होती. देवाच्या पेढ्यानं काय होते?”
७२चे ८८ होते, आई.

रविवार, १६
नाही सांगितलं, तर सात तासांच्या भरवशावर झोपायचं आणि एखाद्या पहाटे पोरगी उठायचीच नाही. सांगितलं, तर तो दिवस बाद. कदाचित संशोधनातून ओवीही.
मिलिंद : “सांगायलाच पाहिजे का?” भाजी चिरून झाल्यावर : “सांग.”

सोमवार, १७
फोन केला. डॉक्टरांनी पेढ्याची वेळ विचारून घेतली. मग, “बरं झालं सांगितलंत.” शुक्रवारचे आकडे बाद. ओवीला पुन्हा घ्यायचं की नाही, संशोधनाची समिती ठरवेल. तोवर जुनंच चालू.
ओवी माझ्याशी बोलत नाही. आजीशी बोलते.

शुक्रवार, २१
समितीचं काही नाही. सहलीचा फॉर्म उद्यापर्यंत द्यायचा.
सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.
“आई, आज कशाचा उपास?” मी विचारलं.
“तुह्या समितीचा.”
ओवी फिस्सकन हसली. आठवड्यात पहिल्यांदा. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ‘काही नाही’वर काट. खाली तिच्याच अक्षरात : ‘दर चार तासांनी पूड. रात्री दोनलाही. प्रसाद देऊ नये.’
त्याखाली छापील ओळ : ‘रात्री लक्ष ठेवणारी व्यक्ती’. ती जागा कोरी; सहलीत दोनला तिला कोण उठवणार? त्याखाली माझ्या सहीची.
पेनाचं टोपण काढून बसलेय.