प्रद्न्या की प्रग्या

११ जाने.
रविवारी नणंदेचा साखरपुडा, सी-स्कीम भागातल्या हॉटेलात. सासूबाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "पापा को समझा देना, सबके सामने प्रग्या ही बोलें. 'प्रद्न्या' सुनकर लोग पूछते हैं, कहाँ के हो, कौन लोग हो."
कौन लोग. कळलं.

१३ जाने.
अमितला म्हटलं, बाबांना हे कोणत्या तोंडाने सांगू? मोबाइलमधून मान न काढता, "नाम ही तो है यार." लग्नाआधी हाच नवरा 'प्रद्न्या' म्हणायला शिकत होता. जीभ अडखळायची, तरी पुन्हा पुन्हा म्हणायचा.
नाव बाबांनी ठेवलेलं. नागपूरच्या विहारात. प्रज्ञा, शील, करुणा. बहीण झाली असती तर ती करुणा.
बाबांना फोन केला. सांगितलं नाहीच.

साखरपुड्याची रात्र
बाबा कोट घालून आले. गर्दीत मला शोधत मोठ्यांदा, "प्रज्ञाऽऽ! अवं बाई, इकडं ये ना!"
नवऱ्यामुलाच्या मावशीने विचारलं, "ये क्या बुला रहे हैं?"
सासऱ्यांनी हसत बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाईसाहब की हिंदी ज़रा कच्ची है. प्रग्या कह रहे हैं."
कच्ची! जन्म गेला त्यांचा इथे रेल्वेत हिंदी बोलण्यात. बाबाही हसले. जेवले मात्र नाहीत.

१९ जाने.
बाबांचा फोन. "प्रग्या बेटा, कैसी हो?"
बाबा, मराठीत बोला ना.
"कोनी ऐकत असन तिथं. तुले त्रास नको."
नळ सोडून रडले.

२२ जाने.
सकाळी चहाला सगळे होते. सांगून टाकलं, मेरा नाम प्रद्न्या है. न बोल सको तो मत बुलाओ.
सासूबाई, "इतनी-सी बात!" अमित म्हणतो माफी माग. कशाची?
आता घरात मी 'सुनो'. नाहीतर 'बहू'. नाव कोणीच घेत नाही.

२४ जाने.
शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्रताप नगरला बाबांकडे आले. आई गेल्यापासून बाबा एकटेच. दिवसभर 'पोरी', 'बाई'. निघताना दारात म्हटलं, बाबा, एकदा नावाने हाक मारा.
शेजारच्या उघड्या दाराकडे बघितलं त्यांनी. ओठ हलले.
"सावकाश जाजो," म्हणाले.
खाली गेले. बस आली, चढले नाही. अमितचा मेसेज : कब आ रही हो? काय लिहू?
परत वर आले. बाबांनी कणीक थोडी जास्त भिजवली.